झपाट्याने चढणारे इंटरनेट शेअर शॉर्ट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर तेजीत तेच प्रश्न येतात, "हा शेअर तिप्पट झालाय, कंपनीला नफा नाही, मग शॉर्ट का नको?" प्रत्येकाला वेगळं वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतल्या १९९८ ते २००० च्या डॉटकॉम काळातली आहेत, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे शेअर आधी वेड्यासारखे चढले आणि मग कोसळले तो काळ. एक तर मी तेव्हा वायटूकेच्या (सन २००० उजाडताना कॉम्प्युटर बिघडू नयेत म्हणूनच्या) कामावर न्यू जर्सीत होतो आणि हे सगळं जवळून बघितलंय, आणि दुसरं म्हणजे त्या गोष्टीचा शेवट आपल्याला माहीत आहे. शेवट माहीत असून मधे माणसं कशी बुडाली हे बघितलं की धोका नेमका कुठे असतो ते कळतं.

शॉर्ट करणं म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे नसलेला शेअर उसना घेऊन आज विकायचा, पडल्यावर बाजारातून विकत घेऊन परत करायचा, मधला फरक आपला. समजा किराणा दुकानदाराने शेजारच्या दुकानातून दहा किलो तूरडाळ उसनी आणली आणि आज १८० रुपयाने विकून टाकली, नवं पीक आलं की १२० ला घेऊन परत करू असा हिशोब. पीक चांगलं आलं तर किलोमागे ६० सुटले. पण पाऊस गेला आणि डाळ ३०० झाली तरी परत द्यायची आहे ती दहा किलो डाळच, १८०० रुपये नाही. आणि शेजाऱ्याकडे लग्न निघालं, त्याने उद्याच डाळ मागितली, तर पिकाची वाट बघत बसता येत नाही. शॉर्ट सेलिंगमधले दोन्ही मोठे धोके या डाळीत आहेत, भावाला वर छप्पर नाही आणि मुदत तुमच्या हातात नाही. लोक पहिल्याबद्दल खूप बोलतात, दुसऱ्याबद्दल कमी, मला स्वतःला दुसरा जास्त घातक वाटतो.

"तोटा अमर्याद" हे सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात किती होतो?

खऱ्या आकड्यांवर करून बघू. डिसेंबर १९९८ च्या मध्यावर अ‍ॅमेझॉन २४० डॉलरच्या आसपास होता, कंपनी तोट्यात, फक्त पुस्तकं आणि सीडी विकत होती म्हणा ना. समजा तेव्हा कोणी १०० शेअर २४० ला शॉर्ट केले, म्हणजे २४,००० डॉलरचा सौदा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला निम्मं मार्जिन, म्हणजे स्वतःचे १२,००० ठेवायचे. विक्रीचे २४,००० अधिक हे १२,००० असे खात्यात ३६,०००. पुढे रोज शेअरच्या चालू किमतीवर निदान ३० टक्के स्वतःचा पैसा शिल्लक राहायला हवा, म्हणजे ३६,००० ला १.३ ने भागा, भाव साधारण २७७ च्या वर गेला की मार्जिन कॉल, म्हणजे आणखी पैसे भरा असा ब्रोकरचा निरोप.

१६ डिसेंबर १९९८ ला हेन्री ब्लॉजेट नावाच्या अ‍ॅनालिस्टने अ‍ॅमेझॉनला ४०० चं टार्गेट दिलं आणि शेअर त्याच दिवशी २८९ ला बंद झाला. एका दिवसात मार्जिन कॉल. महिन्याच्या आत ४०० पण गेला, तिथे तोटा १६,०००, म्हणजे ठेवलेले १२,००० संपून वर ४,००० देणं.

आता पुढचं बघा. जानेवारी १९९९ मध्ये शेअर स्प्लिट होऊन, म्हणजे कंपनीने शेअरचे तुकडे करून, एकाचे तीन झाले, सप्टेंबरमध्ये परत एकाचे दोन, म्हणजे जुने १०० आता ६०० झाले आणि तुम्ही ६०० परत द्यायचे. डिसेंबर १९९९ मध्ये भाव १०६ डॉलरवर बंद झाला, जुन्या हिशोबाने ६४० च्या आसपास, तोटा जवळजवळ ४०,०००. आणि २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच शेअर ६ डॉलरच्या खाली आला! म्हणजे ६०० शेअर ३,६०० डॉलरपेक्षा कमीत परत घेता आले असते आणि वीस हजारांच्या वर नफा झाला असता. शॉर्ट करणाऱ्याचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता, फक्त त्याला पावणेतीन वर्षं तग धरावी लागली असती, आणि १२,००० लावून सुरू केलेल्या सौद्यासाठी मधे आणखी पन्नासेक हजार डॉलर ओतत राहावं लागलं असतं. (आजच्या चार्टवर हे आकडे दिसणार नाहीत, २०२२ मध्ये परत एकाचे वीस झालेत, सगळे जुने भाव त्याप्रमाणे भागलेले असतात.)

अजून एक गोष्ट, जी पहिल्यांदा शॉर्ट करणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. शेअर विकत घेतला आणि पडला तर तुमच्या पोर्टफोलिओत त्याचं वजन आपोआप कमी होत जातं, चूक लहान होत जाते. शॉर्टमध्ये उलटं, शेअर तुमच्या विरुद्ध गेला की सौदा फुगतो. पाच टक्क्यांनी सुरू केलेली पोझिशन भाव चौपट झाल्यावर वीस टक्क्यांची होते, तुम्ही काहीही न करता.

पण कंपनी खरंच पोकळ असेल तर आज ना उद्या पडणारच ना?

पडते. "आज" आणि "उद्या" यांच्या मधे जे असतं त्यात माणूस संपतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, तेव्हाचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ च्या भाषणात बाजाराच्या अवाजवी उत्साहाबद्दल जाहीर इशारा दिला होता, तेव्हा नॅसडॅक (टेक शेअरचा भरणा असलेला अमेरिकेतला निर्देशांक) १३०० च्या आसपास होता. त्यानंतर नुसत्या १९९९ या एका वर्षात नॅसडॅक ८५ टक्क्यांच्या वर चढला, आणि १० मार्च २००० ला ५०४८ वर बंद झाला. म्हणजे जवळजवळ चौपट. मग पडला तो ९ ऑक्टोबर २००२ ला १११४ पर्यंत, ग्रीनस्पॅन बोलले होते त्या पातळीच्याही खाली. इशारा अगदी बरोबर ठरला पण त्या भरवशावर १९९६ मध्ये शॉर्ट करून बसलेला माणूस २००२ बघायला बाजारात उरलाच नसेल.

महाग शेअर आणखी महाग होऊ शकतो, याला काही नियम नाही. कंपनीच्या वर्षाच्या विक्रीच्या शंभरपट भावाने विकला जाणारा शेअर दोनशेपट भावाला का जाऊ नये याचं उत्तर ताळेबंदात नसतं, कारण पहिले शंभर पण ताळेबंद बघून कोणी दिलेले नसतात.

उसने शेअर कोणाचे असतात? आणि त्याने परत मागितले तर?

ब्रोकरच्या इतर गिऱ्हाईकांचे, ज्यांची मार्जिन खाती (ब्रोकरकडून उधारी घेता येते अशी) आहेत त्यांचे, किंवा मोठ्या संस्थांकडून ब्रोकरने आणलेले. ज्याचे शेअर आहेत त्याने ते विकले किंवा दुसरीकडे हलवले की ब्रोकर दुसरा देणारा शोधतो. सापडला तर तुम्हाला कळतही नाही. नाही सापडला तर तुमच्या खात्यातून बाजारभावाने खरेदी, भाव कुठलाही असो. याला बाय-इन म्हणतात.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं राहायचो, त्यात सांगलीचा एक मित्र होता, कोबॉल या जुन्या कॉम्प्युटर भाषेत काम करणारा, अतिशय हुशार, ताळेबंद वाचण्याची खरी आवड असलेला. १९९९ च्या फेब्रुवारीत त्याने एका इंटरनेट कंपनीचे ३०० शेअर ६२ डॉलरला शॉर्ट केले. एप्रिलच्या सुरुवातीला भाव १३० च्या आसपास होता, पण त्याने मार्जिन भरलं होतं, अजून भरायची तयारी होती, आईवडिलांच्या फ्लॅटसाठी साठवलेले पैसे होते ते. एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. ब्रोकरचा माणूस शांतपणे म्हणाला की शेअर परत मागितलेत, दुसरे मिळत नाहीयेत, दुपारपर्यंत तुम्ही कव्हर करा, म्हणजे बाजारातून घेऊन परत करा, नाहीतर आम्ही करू. मार्जिन पूर्ण भरलेलं होतं, कुठला नियम मोडला नव्हता, तरी. त्याने १३१ ला घेतले, शेअरमागे ६९ प्रमाणे २०,७०० डॉलर गेले. त्या रात्री पिठलं-भात केला होता, चौघं जेवलो, कोणी काही बोललं नाही. ऑगस्टपर्यंत तो शेअर ६० च्या खाली होता.

म्हणून मी म्हणतो, मार्जिन भरायची ऐपत असणं आणि टिकून राहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरं पण आहे, उसनवारीचं भाडं. ज्या शेअरवर सगळ्यांचा डोळा आहे तो उसना घ्यायचं भाडं वर्षाला वीस-तीस टक्के, कधी त्याहून जास्त होतं, आणि ते रोज बदलू शकतं. भाव जागेवर राहिला तरी तुमचा खिसा रिकामा होत राहतो.

हे सगळ्याच शेअरना लागू आहे, मग इंटरनेट शेअरच जास्त धोक्याचे का?

फ्लोटमुळे. फ्लोट म्हणजे बाजारात खरोखर फिरणारे शेअर. त्या काळातल्या डॉटकॉम कंपन्या आयपीओत, म्हणजे पहिल्या जाहीर विक्रीत, एकूण शेअरपैकी थोडासाच हिस्सा विकायच्या, बाकीचे संस्थापक, कर्मचारी आणि सुरुवातीला पैसा घालणाऱ्या व्हेंचर कॅपिटलवाल्यांकडे, आणि त्यांना साधारण १८० दिवस विकायला बंदी. म्हणजे विकणारे फार थोडे, घ्यायला लाखो लोक तयार, आणि त्यातले बरेच जण नुकतेच ऑनलाइन ट्रेडिंग शिकलेले. थोडीशी खरेदी आली की भाव उडतो.

१३ नोव्हेंबर १९९८ ला दग्लोब डॉट कॉमचा आयपीओ आला, इश्यू प्राइस (आयपीओतला भाव) ९ डॉलर, पहिल्याच दिवशी ९७ पर्यंत गेला आणि ६३.५० ला बंद झाला. २००१ मध्ये तो एका डॉलरच्या खाली होता. त्याच नोव्हेंबर १९९८ मध्ये बुक्स-अ-मिलियन नावाच्या अलाबामातल्या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीने जाहीर केलं की आमची वेबसाइट सुधारलीय. बस, एवढंच. ३ डॉलरच्या आसपासचा शेअर काही दिवसांत ४० च्या वर गेला. ज्याने १० ला "आता हद्द झाली" म्हणून शॉर्ट केला त्याचं काय झालं असेल बघा, ४० ला त्याच्या सौद्याच्या तिप्पट तोटा, आणि तोही एका आठवड्याच्या आत. १० ला हद्द झालीच होती, हे पण खरंय, तो शेअर नंतर परत खाली आलाच.

दुसरं कारण, अशा कंपनीला किंमत किती हे मोजायला पट्टीच नसते. साखर कारखान्याचा किंवा बँकेचा शेअर दुप्पट झाला तर लोक नफा, पुस्तकी किंमत काढून बघतात आणि विकणारे पुढे येतात. जिथे नफाच नाही तिथे लोक मग वेबसाइटवर किती जण आले ते मोजतात, आणि त्या आकड्याला कितीने गुणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्याकडेही नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ही वेबसाइट कंपनी ४९९ कोटींना घ्यायचं ठरवलं तेव्हा मुंबईतल्या जुन्या ब्रोकरांना तो हिशोब मांडताच येत नव्हता.

शॉर्ट स्क्वीझ म्हणजे काय?

शॉर्ट केलेला प्रत्येक माणूस हा उद्याचा खरेदीदार आहे, त्याची इच्छा असो वा नसो. भाव चढला, काहींना मार्जिन कॉल आला, त्यांनी कव्हर केलं म्हणजे खरेदी केली, त्या खरेदीने भाव आणखी चढला, मग पुढच्यांचा नंबर. मंदीवालेच तेजी करतात.

२००८ चं फोक्सवॅगनचं उदाहरण इंटरनेटचं नाही पण यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तेच. २६ ऑक्टोबरला, रविवारी, पोर्शने जाहीर केलं की आपल्याकडे फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर आहेत आणि वर ३१.५ टक्क्यांचे ऑप्शन, म्हणजे त्या शेअरच्या भावाशी बांधलेले करार. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे वीस टक्के होते, ते विकणार नव्हतं. उरले सहा टक्के. शॉर्ट केलेले त्याच्या दुपटीच्या आसपास. दोन दिवसांत शेअर १००० युरोच्या वर गेला, आणि थोडा वेळ फोक्सवॅगन जगातली सगळ्यात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी झाली.

मुंबईतल्या जुन्या लोकांना हे नवीन नाही. १९८२ मध्ये रिलायन्सचा शेअर मंदीवाल्यांनी उधार विकून ठेवला होता, समोरच्या बाजूने खरेदी करून थेट डिलिव्हरी मागितली गेली, द्यायला शेअर नव्हते, आणि दलाल स्ट्रीटचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला होता.

गेमस्टॉप या अमेरिकन व्हिडिओ गेम दुकानांच्या कंपनीत शंभर टक्क्यांपेक्षा जास्त शेअर शॉर्ट होते म्हणतात, हे शक्य तरी कसं?

शक्य आहे, यात फसवणूक असायलाच हवी असं नाही. अ ने शेअर उसना दिला, ब ने तो विकला, क ने विकत घेतला. क ला माहीतही नाही की हा उसनवारीतला शेअर आहे, त्याचंही मार्जिन खातं आहे, त्याच्या ब्रोकरने तोच शेअर परत ड ला उसना दिला. एकच शेअर दोनदा शॉर्ट झाला. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला गेमस्टॉपचा शेअर २० डॉलरच्या खाली होता, २८ तारखेला दिवसातला वरचा भाव ४८३. तो शॉर्ट केलेल्या मेल्विन कॅपिटल या फंडाचं त्या एका महिन्यात ५३ टक्के नुकसान झालं. एखाद्या शेअरमध्ये शॉर्टचं प्रमाण फ्लोटच्या वीस-पंचवीस टक्क्यांवर दिसलं तर त्या गर्दीत तुम्ही शेवटचे आहात असं समजा, आणि दरवाजा अरुंद आहे.

स्टॉप लॉस (ठराविक भावाला आपोआप बाहेर पडायची ऑर्डर) लावला की झालं ना?

नाही, आणि ही समजूत सगळ्यात महागात पडते. स्टॉप लॉस म्हणजे त्या भावाला सौदा होईलच याची हमी नाही, त्या भावाला पोचल्यावर ऑर्डर सुटते एवढंच. शेअर काल ५० ला बंद झाला, रात्री बातमी आली, सकाळी ८५ ला उघडला, तुमचा ५५ चा स्टॉप ८५ ला भरतो. इंटरनेट शेअरमध्ये बातम्या बहुतेक बाजार बंद झाल्यावरच येतात, रिझल्ट, स्प्लिट, मोठ्या कंपनीशी करार, विकत घ्यायची ऑफर. विशेषतः ऑफर. पोकळ वाटणारी कंपनी दुसरी एखादी कंपनी आपला महागडा शेअर देऊन विकत घेते, आणि तुमचं सगळं विश्लेषण बरोबर असून एका रात्रीत खेळ संपतो.

उलट बाजूही सांगतो, स्टॉप फार जवळ लावला तर असले शेअर दिवसाला दहा-पंधरा टक्के हलतात, रोज बाहेर फेकले जाल. यावर चांगला उपाय माझ्याकडे नाही, एकच आहे, सौदा इतका लहान ठेवा की भाव तिप्पट झाला तरी झोप लागेल.

भाव चुकीचा आहे हे गणिताने सिद्ध होत असेल तरी धोका असतो का?

याचं उत्तर २ मार्च २००० ला मिळालं. थ्रीकॉम या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने आपल्या पाम या हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचे फक्त पाच टक्के शेअर आयपीओत विकले. बाकीचे काही महिन्यांत थ्रीकॉमच्याच शेअरहोल्डरना वाटून टाकणार होते, एका थ्रीकॉममागे साधारण दीड पाम. इश्यू प्राइस ३८, पहिल्या दिवशी पाम ९५ च्या वर बंद झाला. म्हणजे थ्रीकॉम कमीत कमी दीड गुणिले ९५, साधारण १४२ ला असायला हवा, वर त्याचा स्वतःचा चालू धंदा आणि शेअरमागे दहा डॉलरच्या आसपास रोकड वेगळी. प्रत्यक्षात थ्रीकॉम त्या दिवशी ८२ च्या जवळ बंद झाला! बाजार म्हणत होता की थ्रीकॉमच्या उरलेल्या धंद्याची किंमत वीस अब्ज डॉलरहून जास्त *उणे* आहे. चौथीतल्या पोराला कळेल अशी चूक, आणि पेपरातही छापून आली होती.

मग सगळ्यांनी थ्रीकॉम घेऊन पाम शॉर्ट का नाही केला? कारण पाम उसना मिळतच नव्हता. पाच टक्केच बाजारात, ते ज्यांच्याकडे होते त्यातले बहुतेक उसने देणारे नव्हते, आणि ज्यांना मिळाला त्यांना भाडं जबरदस्त. फरक मिटला, पण मिटायला महिने लागले. मी हे उदाहरण प्रत्येकाला सांगतो कारण इथे मताचा प्रश्नच नव्हता.

हे छोट्या लोकांचं झालं. मोठ्या फंडांना तर जमत असेल?

स्टॅनली ड्रकनमिलर तेव्हा जॉर्ज सोरोस यांचा क्वांटम फंड चालवत होते, जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या ट्रेडरपैकी एक. त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय की १९९९ मध्ये २० कोटी डॉलरचे इंटरनेट शेअर शॉर्ट केले आणि काही आठवड्यांत ६० कोटी गमावून बाहेर पडले. पुढचं अजून वाईट, नंतर त्यांनी टेक शेअर विकत घेतले, आणि २००० मध्ये अगदी शिखराच्या जवळ परत खरेदी करून तीन अब्ज घालवले. आगीतून फुफाट्यात.

ज्युलियन रॉबर्टसन यांच्या टायगर फंडाने टेक शेअरपासून लांब राहायचं ठरवलं, जुन्या धंद्यांतले स्वस्त शेअर धरून बसले. त्यांचा फंड मागे पडत गेला, लोक पैसे काढत गेले, आणि ३० मार्च २००० ला त्यांनी फंड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नॅसडॅकचं शिखर होऊन वीस दिवस झाले होते. वीस दिवस! हे वाचताना मला अजून त्रास होतो, कारण तो माणूस चुकला नव्हता. दुसऱ्याचे पैसे सांभाळणाऱ्याला मार्जिन कॉल ब्रोकरकडून नाही तर गुंतवणूकदारांकडून येतो, एवढाच फरक.

मग कोणीच कमावलं नाही का?

कमावलं. जॉन टेम्पलटन यांनी २००० मध्ये केलेलं काम शिकण्यासारखं आहे. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते, बहामात राहायचे, आणि पैसे स्वतःचे होते, म्हणजे काढून घेणारं कोणी नव्हतं. त्यांनी शेअर महाग आहे म्हणून शॉर्ट केला नाही. त्यांनी असे टेक शेअर निवडले जे इश्यू प्राइसच्या तिप्पट झालेत आणि ज्यांची ती विक्रीबंदी लवकरच संपणार आहे, आणि बंदी उठायच्या अकरा दिवस आधी शॉर्ट केले. म्हणजे संस्थापक आणि कर्मचारी कधी विकायला येणार त्याची तारीखच त्यांच्या हातात होती. ८४ वेगवेगळे शेअर, प्रत्येकात साधारण २२ लाख डॉलर, त्यामुळे एखादा उडाला तरी जीव जात नाही, आणि भाव विरुद्ध चालला की बाहेर पडायचं आधीच ठरलेलं. आठ कोटी डॉलरच्या वर नफा झाला. आणि वेळही बरोबर पडली हे विसरू नका, हीच पद्धत एक वर्ष आधी वापरली असती तर निकाल फार वेगळा असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शॉर्ट न करता पुट (ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला शेअर विकायचा हक्क) घेतला तर?

तोटा प्रीमियमपुरता, म्हणजे त्या हक्कासाठी दिलेल्या पैशांपुरता, मर्यादित राहतो, बाय-इन नाही, मार्जिन कॉल नाही. त्यामुळे राहवतच नसेल तर निदान हाच रस्ता घ्या. पण फुकट काही नाही. वर्षाला शंभर टक्के हेलकावे खाणारा १०० डॉलरचा शेअर असेल तर १०० च्याच स्ट्राइकचा (म्हणजे १०० ला विकायचा) तीन महिन्यांचा पुट साधारण २० डॉलरला पडतो. शेअर तीन महिन्यांत ८० च्या खाली गेला तरच कमाई सुरू. ८५ ला आला तर तुमचा अंदाज बरोबर आणि तरीही पैसे गेले. असे तीन-चार पुट एकापाठोपाठ वाया गेले की लोक कंटाळतात आणि पाचव्यांदा घेत नाहीत.

आपल्याकडे एनएसई, बीएसईवर असं शॉर्ट करता येतं का?

कॅश मार्केटमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी परत घ्यायचं. रात्रभर ठेवायचं असेल तर फ्युचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरलेल्या भावाने), किंवा एप्रिल २००८ पासून सुरू झालेली शेअर उसने घ्यायची एसएलबी व्यवस्था, जिथे उलाढाल फार नसते. नवीन लिस्ट झालेली कंपनी फ्युचर्समध्ये नसेल तर तिथे बहुतेक वेळा इंट्राडेच उरतं.

आणि तिथे एक मोठा खड्डा आहे. सकाळी शॉर्ट मारला, दुपारी शेअरला अपर सर्किट (त्या दिवशीच्या चढायच्या मर्यादेचा भाव) लागलं, विकणारा कोणीच नाही, तुम्हाला परत घेताच येत नाही. मग तुमचा सौदा ऑक्शनला जातो, एक्स्चेंज दुसऱ्याकडून शेअर घेऊन खरेदीदाराला देतं आणि बिल तुमच्या नावावर. ऑक्शनमध्येही शेअर मिळाला नाही तर क्लोज आउट, सौद्याच्या दिवसापासूनचा सगळ्यात वरचा भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर वीस टक्के, यातलं जे जास्त असेल ते. सर्किट लागलेल्या शेअरमध्ये "संध्याकाळपर्यंत उतरेल" म्हणून शॉर्ट मारणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगतो, नका करू.

नियम पण मधेच बदलू शकतात. मार्च २००१ मध्ये केतन पारेख या ब्रोकरच्या शेअरची पडझड सुरू असताना सेबीने शॉर्ट विक्रीवरच बंदी घातली होती, आणि त्याच वर्षी बदला, म्हणजे सौदा पुढे ढकलत राहायची जुनी पद्धत, पण बंद झाला.

पुण्यात बसून अमेरिकन शेअर शॉर्ट करता येईल का?

एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशात पैसे पाठवायची योजना) बाहेर पाठवलेले पैसे परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी किंवा मार्जिन कॉल भरण्यासाठी वापरायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. शॉर्ट म्हणजे मार्जिन आलंच. कोणी टेलिग्रामवर "आमच्या अ‍ॅपवरून करा" म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. तिकडे राहणाऱ्या एनआरआयंची गोष्ट वेगळी, त्यांना तिथले नियम लागू.

माझा शॉर्ट ऑलरेडी चालू आहे, तोट्यात आहे, मार्जिन कॉल आलाय. आता काय करू?

सगळ्यात आधी एफडी मोडू नका, कोणाकडून उसने घेऊ नका, आणि घरच्यांपासून लपवू नका. हे तिन्ही मी माणसांना करताना बघितलंय.

मग कागदावर तीन आकडे लिहा. आज पूर्ण कव्हर केलं तर किती जातात. भाव इथून अजून दुप्पट झाला तर किती जातात. आणि उसनवारीचं भाडं रोजचं किती पडतंय, फ्युचर्स असेल तर रोलओव्हरला (सौदा पुढच्या महिन्यात न्यायला) किती. दुसरा आकडा तुमच्या वर्षाच्या पगारापेक्षा मोठा असेल तर आजच निम्मं कव्हर करा, भाव पडायची वाट बघू नका, उरलेल्या निम्म्याचा विचार उद्या डोकं शांत झाल्यावर. पूर्ण कव्हर करायला मन तयार होत नाही हे मला माहीत आहे, निम्म्याला होतं, म्हणून निम्मं सांगतोय.

ब्रोकरला फोन करून दोन गोष्टी विचारा, मार्जिन भरायची नेमकी वेळ किती वाजेपर्यंत आहे, आणि नाही भरलं तर ते सगळं स्क्वेअर ऑफ करतात, म्हणजे सौदा बंद करतात, की फक्त कमी पडलेल्या रकमेपुरतं. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, ईमेलवर उत्तर मागा. बाजार साडेतीनला बंद होतो, त्यामुळे हा फोन सकाळी सव्वानऊच्या आधी करा.